शेपटातलं शिसं

"आजपासून बारापात्र्यांच्या खानदानात कोणी जमिनीकडे पाहून चालणार नाही!"

भिलाईजवळच्या कोहका गावी, घरच्या अंगणात बाजेवर उभं राहून शामरावांनी ही घोषणा केली. "रशियानं यंदा माणूस आभाळात धाडला. आता कोहक्यानं मागं राहण्याचं काही कारण नाही. नजर वर पाहिजे, वर!"

नजर वर असल्यामुळे बाजेची सुतळी कुठे कुजली आहे ते त्यांना दिसलं नाही. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि बारापात्रे खानदानाचा कर्ता पुरुष बाजेत खुंटीसारखा रोवला गेला. उरलेलं भाषण त्यांनी तिथूनच पूर्ण केलं. पाय काढायला दोन माणसं हवी होती, आणि घरातली दोन माणसं म्हणजे त्यांचे दोन मुलगे त्या दिवशी शामरावांना हलवण्याच्या वेगळ्याच कामावर आले होते.

दिवाळी होऊन गेलेली होती. रविवार होता. धाकटा अरुणकुमार भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमधून बायकोला घेऊन रिक्षानं आला होता आणि रिक्षा त्यानं परत पाठवली नव्हती. थोरल्या नरहरीनं घरातून एक काळी टिनाची पेटी बाहेर आणून ओट्यावर ठेवली होती. शामराव मालगाडीवर गार्ड होते तेव्हा हीच पेटी त्यांच्यामागे डोंगरगडपासून बिलासपूरपर्यंत फिरली. रिटायर झाल्यापासून ती आतल्या खोलीत त्यांच्या झोपायच्या बाजेखाली होती. पेटी बाजेखालून निघाली की शामराव ड्यूटीवर निघाले असं या घरात सगळ्यांना कळतं, शामरावांनाही कळलं. म्हणून तर ते बाजेवर चढले होते.

"बाबा, आता पाय काढा अन् खाली बसा," नरहरी म्हणाला. "आमाले बोलायचं हाय."

"बोल ना. मी ऐकून राहिलो. कान नाई अडकले बाजेत."

नरहरी दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. वस्तू कुठून आली, कुठे जायची आणि मधल्या वेळात कुणाच्या अंगावर पडू नये, एवढाच त्याच्या विचारांचा प्रवास. गेल्या आठवड्यात त्याच्या वडिलांनी उडवलेलं कागदी रॉकेट ताडाएवढं वर गेलं, तिथे काही आठवल्यासारखं थांबलं, उलटं फिरलं आणि शेजारच्या भैयालालच्या पैऱ्यावर येऊन बसलं. गेल्या सालचं सुकं गवत ते. अर्धा ढीग गेला. भैयालाल तेव्हापासून कुंपणापाशी हाताची घडी घालून उभा असे. काही बोलत नसे. त्याचं न बोलणं नरहरीला फार लागे.

"भैयालाल ठाण्यात जाणार म्हणून गावात बोलून राहिले," नरहरी म्हणाला. "तुमाले पोलीस घेऊन गेले तर मी ऑफिसात तोंड कसं दाखवू?"

"त्याच्या आधीच्या रॉकेटनं काय केलं, ते पण सांगून टाक," अरुणकुमार म्हणाला.

"ते माह्याच मागं लागलं होतं," शामरावांनी कबूल केलं. "पण मी पाण्याच्या टाक्याच्या आड होतो. सेफ्टी मी पाळतो."

अरुणकुमार पोलादाच्या प्लँटच्या ड्रॉइंग ऑफिसात. भट्ट्यांचे नकाशे काढणारा माणूस. घरी भाजी चिरतानासुद्धा आधी मध्यरेषा शोधायचा. पहिल्या उड्डाणानंतर त्यानं वडिलांवर दया येऊन रॉकेटचं तीन बाजूंनी रीतसर ड्रॉइंग करून दिलं होतं आणि टिनाच्या पत्र्याचं एक बनवूनही आणलं होतं. ते इतकं मजबूत झालं की वात पेटवली, आत दारू जळून गेली, धूर निघाला, आणि रॉकेट होतं तिथेच राहिलं. शामरावांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, त्यात आता उलथणी ठेवली होती.

"बाबा, देखो," अरुणकुमार समजुतीनं म्हणाला. ऑफिसात दिवसभर हिंदी बोलून त्याची मराठी घरी येईपर्यंत अर्धी झिजलेली असे. "सेक्टरमध्ये नळ है, बिजली है, पंखा है. डिस्पेन्सरी एकदम बाजूले. तुमी माझ्याकडे चला. आरामात राहा."

"अन् आभाळ?"

"आभाळ पण है."

"क्वार्टरच्या मागून उडवू देशील?"

"नाही."

"मग ते आभाळ काय कामाचं रे? वाळवण घालाले?" शामरावांनी पाय काढून पाहिला, निघाला नाही. "बरं, अन् तुमची माय? ती पण येते ना संगं?"

दोघे भाऊ एकदम पेटीकडे पाहू लागले.

त्याचं असं होतं, की नरहरीची बायको वच्छला बाळंतपणाला काटोलला गेली होती. घर आता अंजनाबाईंवर होतं, आणि ती परत आली की बाळही अंजनाबाईंवर येणार होतं. तेव्हा माय इथे, बाबा तिकडे, असं दोघा भावांनी दुर्ग स्टेशनवर चहा पिताना ठरवून टाकलं होतं. वाटणीवरून भांडणारे भाऊ पुष्कळ. हे दोघे तसे नव्हते. आई-बाप दोन, मुलगेही दोन, तेव्हा प्रत्येकाला एकेक आलं आणि कोणावर अन्याय झाला नाही. ज्यांची वाटणी झाली त्यांना तेवढं कोणी विचारलं नाही.

"माय इथंच राहील," नरहरी पेटीला म्हणाला. "सेक्टर का लांब हाय? हप्त्यातून एकदा भेट होऊन जाईल."

घरातून अंजनाबाईंचा आवाज आला, "माही फुंकणी कोणं नेली?"

फुंकणी कोणी नेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रॉकेटची नळी करायला शामराव तिच्यावरच खळ लावलेला कागद गुंडाळत. तिच्याइतकी सरळ वस्तू या घरात दुसरी नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मुलांकडे पाहता ते खोटंही नव्हतं.

"मी येतो," शामराव शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "भांडत नाई. पण एक नवीन तयार हाय. संध्याकाळी ते सोडतो. ते सरळ वर गेलं तर पेटी बाजेखाली जाईल अन् मी माह्या घरी राहीन. उलटं फिरलं तर मी आपल्या हातानं पेटी रिक्षात ठेवतो. मंजूर?"

"या खेपेले काय बदललं?" अरुणकुमारनं विचारलं. काही झालं तरी ड्रॉइंग ऑफिसचा माणूस.

"ब्रेकव्हॅन, म्हंजे गार्डाचा शेवटचा डबा, हलकी पडून राहिली होती. शेपटात आखीन शिसं भरलं."

अरुणकुमारनं नरहरीकडे पाहिलं, नरहरीनं मान डोलवली. मागच्या प्रत्येक वेळी ब्रेकव्हॅनच हलकी पडली होती. प्रत्येक वेळी शामरावांनी मालडब्यांच्या दारांवरच्या जुन्या सिलांचं शिसं वितळवून शेपटात वाढवलं होतं, आणि प्रत्येक वेळी कागदी रॉकेट आधीपेक्षा लवकर उलटं फिरलं होतं. पैज मंजूर झाली. मग दोघांनी मिळून वडिलांना बाजेतून उपटलं.

*

जेवणं झाल्यावर अरुणकुमारची बायको रमा ओले कपडे घेऊन अंगणात आली तेव्हा दोरीवर रॉकेट वाळत होतं. पोटाला दोरा बांधलेला, नरहरीच्या सदऱ्याच्या आणि उशीच्या अभ्र्याच्या मधे. शामराव समोर बसून त्याच्याकडे पाहत होते.

सून म्हणून या घरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. सासरे थोडे वेडे आहेत, असं नवऱ्यानं लग्नानंतर सांगितलं होतं. नवरा जरा जास्तच शहाणा आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. सकाळच्या बैठकीत ती नवऱ्याच्या बाजूनं बसली होती, कारण सतरंजी तिकडे होती. म्हाताऱ्याला न्यायचं म्हटल्यावर आतल्या भांड्यांचा आवाज थांबला होता, तो फक्त तिनं ऐकला.

वारा सुटला. सदरा फुगला. रॉकेट गर्रकन फिरलं आणि थांबलं.

"मामाजी," रमा म्हणाली, "हे वाऱ्याकडे शेपूट करून राहिलं."

"दोऱ्याले पीळ असंल." शामराव उठले, रॉकेटचं तोंड हातानं वाऱ्याकडे केलं आणि सोडलं. ते पुन्हा फिरलं आणि वाऱ्याला पाठ दाखवून उभं राहिलं. शामरावांनी दोरा बदलला. रॉकेटनं मत बदललं नाही.

"वर गेल्यावर पण तर वाराच लागते ना त्याले," रमा कपडा झटकत म्हणाली. "मग तिथंही हे असंच करत असंल."

शामराव बाजेवर बसले, या वेळी कडेला.

"पुढं काही जड लावून पाहायचं का?" रमानं विचारलं. "सहजच."

"पुढं?" हा शब्द शामरावांना दाताखाली खडा आल्यासारखा लागला. "पुढं भार ठेवते का कोणी? गाडीचा भार मागं असते. ब्रेकव्हॅन मागं, गार्ड मागं. म्हणून गाडी तणावात राहते, डबे एकमेकांच्या अंगावर येत नाई. सारी उमर मी मागं बसलो, पोरी. माह्यामुळं गाडी सरळ चालली."

"हो, पण गाडीले इंजिन पुढून ओढते. याचं इंजिन तर मागंच हाय."

ती सहज बोलली आणि पिळा झटकायला लागली. शामरावांना मात्र राजनांदगावचं यार्ड आठवलं. शंटिंग चालू, इंजिन मागून ढकलतंय, आणि पुढचा डबा रिकामा. भरलेले डबे मागून दाबत आले, तसा तो रिकामा डबा हलकेच उचलला गेला आणि रुळावरून असा उतरला, जसा एखादा माणूस पंगतीतून उठतो. शामरावांनी तेव्हा स्वतः सांगितलं होतं, की मागून ढकलायचं असेल तर पुढे भरलेला डबा लावा. स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. यार्डातल्या लोकांना कळलं. सांगणाऱ्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"कणीक हाय का घरात?" त्यांनी विचारलं.

रमानं भिजवलेल्या कणकेचा गोळा आणला. शामरावांनी तो रॉकेटच्या नाकावर थापला. मग नळी बोटावर तोलून पाहिली. तोल पुढे सरकला होता. तिथे दोरा बांधला आणि हात काढून घेतला. वारा आला. रॉकेट डगमगलं, एक गिरकी घेतली, आणि कणकेचं नाक वाऱ्याच्या दिशेला धरून उभं राहिलं. स्वयंपाकाचा वास आलेल्या कुत्र्यासारखं. शामरावांनी ते मुद्दाम फिरवलं, ते परत आलं. दुसऱ्या बाजूनं फिरवलं, तरी परत आलं.

दूर प्लँटच्या चिमण्या धूर सोडत होत्या. धूर वाऱ्याबरोबर रॉकेटच्या शेपटाच्या दिशेनं चालला होता.

"म्हंजे मी सारं शिसं चुकीच्या जागी भरून राहिलो होतो," शामराव म्हणाले. रमाला वाटलं ते रॉकेटबद्दल बोलताहेत. तेही बहुधा रॉकेटबद्दलच बोलत होते.

मग त्यांनी चाकूनं शेपूट उकललं आणि शिसं बाहेर काढायला सुरुवात केली. रमा शेजारी बसली. नरहरी पाणी प्यायला बाहेर आला, त्यानं विचारलं काय चाललंय, आणि शामरावांनी शंटिंगची गोष्ट सांगितली.

"हो, रिकामा डबा उतरतेच," नरहरी म्हणाला. पार्सल ऑफिसातला असला तरी रेल्वेचा होता. "हे तर आपल्याकडे कोणालेही माहीत हाय." आणि तोही बसला. थोड्या वेळानं अरुणकुमार आला. त्याचा भाऊ, बायको आणि वडील चाकू, कणीक आणि शिसं घेऊन बसलेले पाहून तो सकाळच्या करारात आपण एकटे उरलो आहोत हे समजला.

"दादा, तू पण?"

"मी फक्त पाहून राहिलो," नरहरी म्हणाला. त्याच्या हातात कात्री होती.

अरुणकुमार थोडा वेळ लांब उभा राहिला. मग न राहवून म्हणाला, "पंख छोटे आहेत. थोडे मोठे करा. अन् चारही एकसारखे पाहिजेत, हे काय, एक मांजरीच्या कानासारखा आहे." आणि खिशातून पेन्सिल काढली.

*

अंजनाबाई आतून सगळं पाहत होत्या. चूल फुंकणीशिवाय, नुसत्या तोंडानं फुंकून फुंकून त्यांचे डोळे लाल झाले होते. निदान कोणी विचारलं असतं तर हे कारण तयार होतं.

लग्न झाल्यापासून नवरा त्यांच्या वाट्याला मालगाडीच्या हिशेबानं आला. कधी येईल ते इंजिनालाही माहीत नसायचं. ताट झाकून ठेवायचं, ऊन करायचं, पुन्हा झाकायचं. आला की झोपायचा, उठला की पेटी. मुलं बापाला पाहुण्यासारखी ओळखायची. आता कुठे हा माणूस रोज घरात सापडायला लागला होता. खळीसाठी पीठ सांडतो, फुंकणी चोरतो, दिवसभर मधे मधे येतो. आणि आता पोरं म्हणतात, हप्त्यातून एकदा भेट. त्यापेक्षा मालगाडी बरी होती. ती निदान मधल्या वारीही यायची.

पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलण्याची त्यांना सवय नव्हती. फक्त फुंकणीबद्दल त्या बोलत.

ऊन उतरल्यावर अंगणाच्या टोकाला, भैयालालच्या शेताच्या बाजूला, जमिनीत एक जुनी सिग्नलची तार सरळ उभी रोवली गेली. रॉकेटच्या पोटाला चिकटवलेली कागदाची कडी त्या तारेत ओवली. सुरुवातीला वाट चुकू नये म्हणून. शेपटातलं शिसं आता नाकात होतं आणि कागदाखाली गुळगुळीत दिसत होतं. पंख अरुणकुमारनं इतके नेमके कापले होते, की त्याला स्वतःलाच ते जाळायचं वाईट वाटत होतं. नरहरीनं छत्री उघडून धरली. कुंपणापाशी भैयालाल हाताची घडी घालून उभाच होता. ओट्यावर काळी पेटी होती, फाटकात रिक्षावाला बिडी ओढत होता.

शामरावांनी पेटी उघडली. सगळ्यांना वाटलं हार मानली. त्यांनी आतून हिरवी झेंडी काढली आणि घरात जाऊन अंजनाबाईंच्या हातात दिली.

"हे काय?"

"चल. तू दाखव."

"मले का येते?"

"दाखवाले काही येऊ लागत नाई. आजवर मीच दाखवली, मागून. आज मी ड्रायव्हर, तू गार्ड. अन् गार्डनं झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नसते." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुह्या मनात नसंल तर नको दाखवू. मग मी पेटी घेऊन जातो."

अंजनाबाईंनी पदर खोचला. एवढ्या दिवसात त्यांना कोणी काही विचारलं असेल तर ते हेच. त्या अंगणात आल्या, तारेपासून लांब उभ्या राहिल्या, दोन्ही मुलांकडे एकदा पाहिलं, सुनेकडे एकदा, आणि झेंडी वर धरली. रेल्वेच्या नियमात बसणार नाही अशी, डोळे मिटून. पण हिरवी होती.

शामरावांनी लांब काडीनं वात पेटवली आणि टाक्याआड पळाले.

आधी नुसती फुरफुर झाली. नरहरी छत्रीखाली वाकला. मग रॉकेटनं तार सोडली आणि असा लांब, फाटता आवाज करत वर गेलं की रिक्षावाल्याच्या तोंडातली बिडी पडली. ते ताडाच्या वर गेलं. मागच्या वेळी जिथे थांबलं होतं तिथे थांबलं नाही. सगळे श्वास धरून उभे होते. शामराव तर टाक्याआडून बाहेर येऊन, सेफ्टी विसरून. रॉकेट तसंच सरळ, नाक वर करून, पांढरी रेघ ओढत गेलं, इतकं की शेवटी निळ्यात नुसता एक ठिपका दिसू लागला. भैयालालच्या उशिराच्या धानातून हिरव्या पोपटांचा थवाच्या थवा उठला आणि किलबिलाट करत जामुलच्या दिशेनं पळाला. ठिपका एका बाजूला झुकला, विझला, आणि हळू हळू भैयालालच्याच शेतात कुठेतरी पडला.

"सरळ," अरुणकुमार मराठीत म्हणाला. "एकदम सरळ गेलं, बाबा."

नरहरीनं छत्री मिटली. तो वडिलांकडे पाहून हसला, आणि लगेच त्याचं तोंड पडलं. "पण बाबा, पडलं तर त्याच्याच शेतात. पैजेचं सोडा. तो ठाण्यात गेलाच समजा. मग तुमाले इथं ठेवताच येणार नाई. पेटी..."

पेटीजवळ उभ्या अंजनाबाईंनी झेंडी घट्ट धरली. शामरावांचा हात नुकताच त्यांच्या खांद्यापर्यंत आला होता, तो तसाच राहिला.

भैयालाल शेतातून येत होता. सावकाश, धानाची लोंब न तुडवता. एका हातात रॉकेट, नाक थोडं चेपलेलं. कुंपण ओलांडून तो अंगणात आला. पेटीकडे पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं. रॉकेट शामरावांच्या हातात ठेवलं. आठवडाभर घडी घातलेले हात त्यानं आज जोडले.

"गार्ड साहेब, पैरा के बात जान दव," तो म्हणाला. "मैं सुनेंव, तुमन भिलाई जावत हव. झन जाव. मोर धान ला सुआ मन पूरा खा डारिन, अउ आज पहिली बार भागिन. काली बिहनिया एक ठन अउ छोड़ देहू का?"

पैऱ्याचं तो सोडून देत होता; त्याला शामराव इथंच हवे होते, आणि धान खाणारे पोपट हाकलायला उद्या सकाळी आणखी एक रॉकेट. शामराव हातातल्या रॉकेटकडे पाहत राहिले. चारही पंख एकसारखे होते.

"अतका ऊपर जाए के जरूरत नइये," भैयालाल अदबीनं म्हणाला. "बस, आवाज थोरिक बढ़ा देहू."